सहाच्या खाली

निकेश तांडेलचा उजवा खांदा
पाचव्यांदा निखळला तो दिवाळ्याच्या जेट्टीवर,
पागेरं फेकताना.
हात डोक्यामागे गेला, जाळं पुढे,
आणि खांदा कुठेच नाही.
जाळं तरीही गोल उघडलं, म्हणतो,
एकदम गोल.

आदल्या संध्याकाळी, नेरूळला,
त्याचा बाप माझ्यासमोर बसला,
बोटांवर सुताचे जुने वळ.
"कंची गाठ मारशील, बाय?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.
खर्च विचारतात, सुट्टी किती लागेल विचारतात.
मी गळ्यातल्या ओळखपत्राची फीत काढून
करून दाखवली.
"निसरगाठ. ही त सुटल."
वरून आणखी तीन, उलटसुलट, मी म्हटलं.
त्याने ओढून पाहिली.
पुन्हा ओढून पाहिली.
फीत त्याच्याकडेच राहिली.

सकाळी आठ.
खांद्यात मिठाचं पाणी सोडलं, दाब बेताचा.
हाताला टांगलेलं वजन
एक किलोने उतरवायला सांगितलं.
दुर्बीण आत गेली
आणि पडद्यावर एक लहानशी खाडी उजळली:
पांढरा गोळा, उथळ बशी,
बशीच्या कडेची मऊ किनार उसवून
शेवाळासारखी हलत होती.

या बशीला आम्ही घड्याळ म्हणतो.
तीनवर एक नांगर, सव्वाचारवर एक,
तिसरा साडेपाचवर.
नांगरच तो. हाडात रुततो, मागे दोरा सोडतो.
सहाच्या खाली, अर्ध्या पेरावर,
हात उचलणारी नस जाते.
पडद्यावर ती दिसत नाही.

सर्जेराव काळभोर, तुर्भ्याचा कांदा बाजार.
नऊ वर्षं झाली.
त्यांचा खांदा परत कधी निखळला नाही.
वरही गेला नाही.
"इथं माशी बसली तरी कळत नाही, बाई,"
दंडावर टिचकी मारून म्हणाले,
आणि हसले, मला बरं वाटावं म्हणून.
सुई खोल गेली होती
की वजन जास्त टांगलं होतं?
अहवालात मी दोन्ही लिहिलं.

म्हणून सहाजवळ आलं की
खोलीतलं गाणं बंद.
सुई किनारीपुरती, तसूभरही पलीकडे नाही.
शालन सिस्टर पडदा सोडून
माझं मनगट बघत राहते.
गाठी बाहेरच्या अंगाला, गोळा घासणार नाही अशा.
आधी निसरती, मग तीन.

हात भूल देऊन सुन्न केलेला,
तेव्हा लगेच काही कळत नाही.
वाट बघायची.
घरी गेले, वरणभात समोर घेतला,
परत आले.

पहाटे साडेतीनला
कापसाचा बोळा त्याच्या दंडावरून फिरवला.
"गुदगुल्या होतात ओ," तो झोपेतच चिडला.

बाहेर बाकावर बाप जागा होता.
त्याने फीत परत दिली.
तिच्यात सात गाठी,
त्यातली एक मला येत नाही.