एकेचाळीस नंबरची नोंद

पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मी हेस्कॉमला शिव्या दिल्या.
पण पंखा फिरत होता, बल्ब जळत होता,
फक्त पडदा काळा,
आणि चंदूरकरांच्या लग्नपत्रिकेतलं
‘आपले नम्र’ अर्ध्यात लटकलेलं.

दुसऱ्यांदा, उताऱ्याच्या अर्जावर.
वर कन्नड, खाली मराठी,
नेमकी भाषा बदलायची कळ दाबली आणि गेला.
शेजारचा मल्हारी म्हणाला, दोन भाषांनी गोंधळतंय बघ ते.
मी म्हटलं, निपाणीत राहतंय तीन वर्षं,
एवढ्यानं कशाला गोंधळेल?

मशीनची स्वतःची नोंदवही असते. ती उघडली.
लाल खूण, नंबर एकेचाळीस:
नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं.
बस्स, एवढंच.
हे तर मलाही माहीत होतं.

मग एकेक कारण खोडत गेले.
व्हायरस नव्हता.
रॅमच्या पट्टीचे पिवळे दात खोडरबरानं घासले,
जागा बदलून बसवली.
संकेश्वरच्या गुरुपादकडून जुना एसएमपीएस आणून जोडला.
दोन दिवस सुखाचे गेले.
तिसऱ्या दिवशी अकरा चाळीसला पुन्हा अंधार.

बिलबुकाच्या पाठीवर वेळा लिहू लागले:
११.४०. १२.०५. १.२०.
रात्री कधीच नाही.
डोक्यावरचा पत्रा तापतो ती ही वेळ.

गुरुपाद फोनवर ओरडला,
‘बिसि आगैतेन नोड्री, अक्का!’
डब्याला तळवा लावला. तवा नुसता.

चार स्क्रू काढले.
पंख्याखाली जाळी दिसायला हवी होती,
तिथं गोधडी: तपकिरी, मऊ, दाट.
चिमटीत घेऊन नाकाशी नेली
आणि मागं वळून पाहिलं.

उंबऱ्याशी आई,
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
कात्रीनं पान कापत, दोरा गुंडाळत,
तोंडानं पुटपुटत, एकवीस, बावीस.

‘याला खोकता येत नाही,’ मी म्हणाले,
‘म्हणून बंद पडतंय.’
ती हसली, हसताना खोकली,
मोजणी चुकली,
पुन्हा एकपासून सुरुवात.

रंगाच्या ब्रशनं सगळं झाडलं.
चिपवर मोहरीएवढी नवी पेस्ट.
सत्त्याण्णववर गेलेलं तापमान
भर दुपारी अठ्ठावन्नवर थांबलं.
टेबल आतल्या खोलीत सरकवलं,
‘आपले नम्र’च्या खाली चंदूरकरांची सहा नावं बसवली.

संध्याकाळी आई पदराला हात पुसत
पडद्यासमोर उभी राहिली.
हिरवा आकडा वर-खाली होत होता.
‘माझा पण दिसतो का गं यात?’

नाही म्हटलं.
उद्या दवाखान्यात जाऊ म्हटलं.

उद्या नको, म्हणाली,
उद्या हजाराचा माल द्यायचाय.