ऱ्हस्व इ

गोळीबार चौकातल्या हॉलमध्ये
सव्वीस वार कोरं कापड टांगलंय.
लोकांनी फोनवरून खोटं धाडायचं, निनावी;
आम्ही चौघींनी ते दोऱ्याने भरायचं.

‘पाच मिन्टात पोचतो’ इतक्यांदा आलं
की वच्छला निमजेने त्याचा काठच केला.
‘हातमागाचंच आहे, ताई’ :
हे कोणाचं, ओळखलं आम्ही.
पॉवरलूमची खडखड भिंतीपलीकडेच.

काल आलं,
‘आइ, ऑफिस मस्त आहे. जेवतो वेळेवर.’
आइ. ऱ्हस्व इ.
तिसरीपासून सांगतेय, ऐकत नाही.

मी सुधारली नाही.
लाल दोऱ्यात तशीच भरली, मागे गाठ मारली.
रात्री मीही एक धाडलं :
‘तुझी काळजी नाही वाटत बाप्पा आता.’

सकाळी वच्छला विचारते,
हे कोणत्या रंगात घेऊ गं?