फूट

वडील यावलच्या लाकूड आगारात कारकून होते.
ओंडक्याची लांबी, मध्यावरची गोलाई,
मग घनफूट, दर, रक्कम.
आम्हां भावंडांच्या फीचे पैसे
त्याच शेवटच्या रकान्यातून आले.
लपवण्यासारखं त्यात काही नाही.

मी फैजपुरात बोअरच्या गाडीवर हिशेब लिहितो.
फूट मीही मोजतो,
खालच्या दिशेने.

काल फेगडेंच्या केळीत मशीन लावलं.
दोनशेपर्यंत पिवळी माती, तीनशेला गोटे,
चारशेला पुन्हा माती, कोरडी,
पिठासारखी उडून घडांवर बसणारी.
फेगडे बांधावर उकिडवे.
"माह्या आज्यानं इथंच मोट हाकली भो,
तीस हातावर पानी."
मी त्यांना पुढचा दर सांगितला.
खोल गेलं की फुटाचा भाव चढतो.

पाइप जोडायला लुकमान तडवी.
त्याची आई उन्हाळ्यात धावड्याचा डिंक घेऊन दारी यायची.
मापावर एक मूठ जास्त घालायची.
झाडाला घाव बोटभरच,
कारण पुढच्या साली तिला तिथेच जायचं असायचं.
वडिलांच्या वहीत धावडा 'जळाऊ' खाली आहे.

सातशे वीसला चिखल ओला आला.
सगळे हसले. मीही हसलो.
फेगडेंनी तो बोटांत चोळून पाहिला,
सोनार पाहतो तसा.

रात्री माळ्यावरून ती वही काढली.
एका अख्ख्या कूपची बेरीज, खाली वडिलांची सही.
माझं कालचं एक बिल तिच्याहून मोठं.
तेव्हाचा रुपया मोठा होता, कळतं मला.
तरी मी बोट ठेवून ओळ ओळ वाचत गेलो:
साग, साग, अंजन, साग, सलई,
अंजन, गोलाई सहा फूट, पोकळ, दर निम्मा.

पोकळीत काय राहत होतं, ते नाही.
मुळांना रकानाच नाही.
मुळं आगारात कधी आलीच नाहीत.
ती तिथेच राहिली, डोंगरात,
आणि पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांनी
मातीसकट खाली आणून टाकली
सुकी नदीच्या पात्रात.
त्या वाहतुकीची पावती कुणाच्या नावावर फाडली
ते वहीत सापडत नाही.

वडिलांचं अक्षर सुरेख होतं.
एकही खाडाखोड नाही.

लुकमानचा फोन आला, उद्या हिंगोण्याला, सहा वाजता.
पाइप किती टाकू गाडीत?
मी म्हणालो, आहेत तेवढे टाक.