दोन रकाने

सुताच्या हिशेबाची जुनी वही, मधोमध रेघ मारलेली.
डावीकडे घरात काय झालं ते,
उजवीकडे अंगात.

फेब्रुवारी. बँकेचा माणूस दोनदा येऊन गेला.
समोर: डाव्या पायाला मुंग्या, गुडघ्यापर्यंत.
एप्रिल. चारातले दोन माग भंगारात, किलोवर.
समोर: एका डोळ्यापुढं धुरकट, लाल रंग विटका.
त्या लालावरून मी गड्डम रंगाऱ्याशी भांडले होते.
चूक सुताची नव्हती.

सिव्हिलचा डॉक्टर तरुण, बोलायला सावकाश.
म्हणाला, नसेवर आवरण असतं, वायरीवर असतं तसं.
शरीरच त्याला परकं समजून कुरतडतं.
मोटारीची वायर खाणारे उंदीर मी बघितलेत,
पुढचं सांगावं लागलं नाही.
नाव लांबलचक. मी वहीत नुसतं एमेस लिहिते.

ताणानं होतं का हो हे?
त्यानं पेनाला टोपण लावलं, काढलं.
ताणानं रोग जडतो असं मी म्हणणार नाही.
पण झटका आला की मागचे दोन-तीन महिने
विचारून घेतो.

म्हणून ही वही.
आणि ती जुळत नाही.

अंबादास भावजी गेले, तेरा दिवस मी एका पायावर राबले,
उजवा रकाना कोरा.
सुप्रजाचा साखरपुडा झाला, घरभर हसू, पेढ्यांचे खोके,
दुसऱ्या दिवशी जिन्यात पाय माझा नव्हता.
मे महिन्याचं लिहायचंच सोडलं.
पारा त्रेचाळीसवर गेला की
नस जुनी सगळी उधारी काढते;
ओल्या टॉवेलाखाली पडून राहायचं,
संध्याकाळी उतरतं.

जाऊ म्हणते, टेन्शन घेऊ नको अक्का.
जसं काही अशोक चौकात ते किलोनं मिळतं
आणि मी पिशवी घेऊन जाते.

ताणाशिवाय कापड नाही, हे सासऱ्यांनी शिकवलं.
बीम सैल राहिला तर धागे एकमेकांत गुंततात,
आवळला तर पटापटा तुटतात.
मधलं किती, ते बोटाला कळतं.

बोटाला कळायचं.

आता पहाटे, माग सुरू करायच्या आधी,
मी वाकून उभ्या धाग्यांवर गाल टेकवते.
राजेशम तोंड फिरवून उभा राहतो.
उजवीकडचे जरा ढिले आहेत, म्हणते मी,
पाना आण.