शून्य ते पाच

परभणीच्या अलीकडं, रेल्वे फाटकाला लागून
टोमॅटोचे बावीस वाण.
दर पाचवी ओळ मात्र एकाच जातीची,
हमखास बळी पडणारी,
करपा आधी तिच्यावर यावा
आणि तिथून सगळीकडं जावा म्हणून मुद्दाम लावलेली.
वहीत तिचं नाव नाही. 'तुलना', एवढंच.

फाटक बंद असलं की
मोटारसायकलवरनं कुणीतरी ओरडतं,
"ओ साहेब, मरायलीत की झाडं! औषध मारा!"
मी नुसता हात हलवतो.
कसं सांगू, आम्ही
रोगाचीच वाट बघायलोत.

सकाळी सातला, दव असतानाच,
खालच्या पानापासून सुरू.
वर्तुळात वर्तुळ, तपकिरी, कडेनं पिवळं.
पान किती गेलं त्यावर आकडा.
मी सांगतो, केवळाबाई लिहितात.
दोन. दोन. एक. चार.
सातव्या वाणाला शून्य म्हटलं
तर त्यांचा पेन थांबतो.
पान उलटं करून बघतात:
पांढरी माशी. एकच.
"आज आली पाव्हणी," म्हणतात,
"बोकड्या यायला किती वेळ?
शून्य पेन्सिलीनं लिहिते."

मग ती ओळ.
पाच. त्याच्या पुढं आकडाच नाही आमच्याकडं.
पानं झडून फळं उघड्यावर,
उन्हाकडची बाजू भाजून पांढरी.

संध्याकाळी तक्ता भरताना
शेऱ्याच्या रकान्यात केवळाबाईंचं अक्षर सापडतं,
गिचमिड, ओळ सोडून खाली उतरलेलं:
'चार फळं घरी नेली.
ठेच्याला हीच बरी.'