लाइन क्लिअर

आठवी 'ब' मधले पंखे थांबले तेव्हा
फळ्यावर माझं वाक्य अर्ध्यात होतं.
मागच्या बाकावरून पंकज ढेंगे ओरडला,
"मॅडम, लाइन इज गॉन!"

दुरुस्त करायला हवं होतं मी.
इंग्रजीत लाइन जात नाही,
जाते ती पॉवर.
लाइनीला शब्दकोशात दीड पान आहे :
रेघ, रांग, दोरी, कपाळावरची सुरकुती,
घराणं, धंदा, गळाचा दोरा, नाटकातलं वाक्य.
आणि त्या दीड पानात कुठेच
एप्रिलच्या दुपारी घरघरत बंद पडलेला
सक्करदऱ्यातला कूलर नाही.

पण मी लाइनमनची मुलगी.
आमच्याकडे हा शब्द ताटावरून उठवायचा.
अर्धी पोळी तशीच ठेवून
बाबा सायकलला शिडी बांधत,
आणि आई दारातून म्हणे,
"जगाची लाइन आणून देता,
या पोराची कोणती लाइन हाये ते त पाहा!"

पोराची लाइन वेगळीच निघाली.
शेजारच्या रुख्माबाई एकदा सांगत आल्या,
"तुमचा शिरीष भोयराच्या पोरीवर लाइन मारते."
बाबा चपला न घालताच बाहेर.
"कोणत्या खांबावरून? आकडा टाकला का बे तारेवर?"
भोयराची पोरगी गच्चीवर हसली
ती अजून हसते,
आता आमच्याच स्वयंपाकघरात.

पलीकडच्या घरात मुदलियार काका,
अजनीच्या केबिनमध्ये रेल्वेला.
रविवारी दोघं ओट्यावर
बशीत चहा ओतून एकाच शब्दावर भांडत.
काकांचं लाइन क्लिअर म्हणजे
रूळ मोकळा, गाडी येऊ द्या.
बाबांचं लाइन क्लिअर म्हणजे
तार मेली, आता काही येत नाही, चढा.
"तुमचं ऐकून माणूस रुळावर गेला त मरते ना जी!"
"और तुम्हारा सुनके कोई न चढे तो?"
"त मोहल्ला अंधारात राह्यते."
मग दोघंही गप्प.
बशा खाली ठेवल्याचा तेवढा आवाज.

त्या वर्षी वावधन सुटलं,
कडुनिंबाची फांदी तारांवर पडली,
रात्री दोनला बाबांनी सबस्टेशनला फोन लावला.
फोनची लाइन खरखरत होती.
पलीकडून कोणीतरी काहीतरी म्हणालं.
त्यांना ऐकू आलं : क्लिअर.

डाव्या हाताची दोन बोटं.
मेडिकलच्या वॉर्डात तीन आठवडे.
मुदलियार काका रोज डबा घेऊन यायचे
आणि खाटेपाशी बसून
गाड्यांबद्दल एक शब्द काढायचे नाहीत.

पुढे साहेब घरी आले, फाइल घेऊन.
फाइलमधली लाइन बंद होती.
वेळ, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी,
फक्त तारेला ते कोणी कळवलं नव्हतं.
"इथे, या लाइनीवर सही करा," म्हणाले.
बाबांनी चष्मा पुसला.
उजवा हात शाबूत होता,
तरी सही रेघेच्या बरीच खाली गेली.

त्यानंतर त्यांना टेबल मिळालं.
लोक म्हणाले, बरं झालं, धनराजजी लाइनीला लागले.

आता रिटायर आहेत.
तरी वीज गेली की अजून अंगणात येतात,
आधी समोरच्या ओळीतली घरं बघतात,
मग खांब,
मग बराच वेळ
उरलेली तीन बोटं मिटतात, उघडतात.

पंकजनं खिडकीतून डोकं बाहेर काढलंय.
"मॅडम, झेरॉक्सवाल्याकडे हाये. आपलीच गेली!"
वर्ग घामेजलाय. वह्यांचे पंखे झालेत.
कोणीतरी विचारतं, "कधी येईन मॅडम?"

खडू हातात आहे, वाक्य अर्धंच.
कुठल्यातरी खांबाखाली या क्षणी
कोणीतरी कानाला फोन लावून
तो एक शब्द नीट ऐकायचा प्रयत्न करत असेल.

येईल, म्हणते मी.
घाई करू नका रे.
थोडा वेळ असू दे
गेलेली.