आवाज बंद, बंदर चालू

हर्णैच्या वाळूवर दुपारी चारनंतर
माझ्या घशाला भाव असतो.
सुरमईचा ढीग, कोळंबीची टोपली,
आठशे, आठशे, साडेआठशे, बोला!
सव्वीस वर्षं असं ओरडून
आम्ही घर बांधलं, स्लॅबचं.

आता अठरा दिवस झाले.
आधी नाक गळलं, मग छाती भरली,
मग हा ओला खोकला,
पहाटे तीनला उठवून बसवणारा,
दर उबळीला काहीतरी पिवळट वर आणणारा.
छातीचं काही वाटत नाही.
सोलवटलाय तो घसा.
मासळीच्या बैलगाड्या एकाच वाटेनं जाऊन
ओल्या वाळूत चाकोरी पडते ना,
तशी चाकोरी मला आवंढा गिळताना लागते.

परकार केमिस्टकडे नुसतं बोट दाखवलं :
ते, खोकला दाबणारं.
त्यानं बाटली परत फळीवर ठेवली.
"कफ सुटतोय ना काका? सुटू दे.
होडीतलं पाणी उपसतात, कोंडत नाहीत.
आणि तीन आठवडे होत आले,
थुंकी तपासून घ्या."

सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी झाकणाची डबी दिली.
पहाटेचा हवा, खोलातला; नुसती लाळ नको.
ताजा माल ओळखण्यात जन्म गेला माझा,
पण अंगणात उभा राहून तो डबीत टाकताना
शेजारच्या कोंबड्याचीही लाज वाटली.

तोवर कोमट पाणी, घोट घोट.
टॉवेलाखाली वाफ.
गुणवंती कुंपणाचा अडुळसा ओरबाडून काढा करते,
चवीबद्दल एक शब्द ऐकून घेत नाही
(मला तरी कुठे बोलता येतंय).
आणि मिठाच्या गुळण्या, दिवसाला चार.

मीठ!
पोती पोती ओतलं बांगड्यांवर,
नासू नयेत म्हणून.
आता मान मागे टाकून, पंख्याकडे बघत
मीच गुळगुळतो.
झोंबतं.
मग तासभर बरं असतं.

लिलाव भाची करते, तेजल.
किनरा आवाज, वाऱ्यात उडून जाणारा.
मला वाटलं होतं, बसेल हिचा बाजार.
पण पोरगी ओरडतच नाही.
आकडा एकदाच म्हणते आणि थांबते.
व्यापारी टोपल्यांवर वाकतात ऐकायला.
काल सरंग्याला माझ्याहून चाळीस रुपये जास्त आले.

मी मागे बर्फाच्या पेटीवर बसलेलो,
तोंडात ज्येष्ठमधाची काडी, डबीचा निकाल बुधवारी.
आणि नेमकी ती "बाराशे" म्हणून थांबली असताना
मला उबळ आली. लांब, खोल, पूर्ण.
दाबायची नाही म्हणून दाबली नाही.

सगळं बंदर थांबलं.
दापोलीचा व्यापारी म्हणाला,
"काकांची बोली धरायची का गं?"

तेजलनं माझ्याकडे पाहिलं,
हसली नाही,
"बाराशे पन्नास," म्हणाली,
आणि थांबली.